रस्त्यात सोडून दिलेला तो सिमेंटचा ब्लॉक मला एका सेकंदात दिसायला हवा होता, मग रस्त्याच्या खातेवाल्यांनो, तुम्हाला इतके दिवस का नाही दिसला?

डोकं फिरलंय नुसतं. पंधरा दिवस झाले तरी राग जात नाहीये म्हणून लिहितोय. रात्री साडेनऊच्या सुमारास घरी येत होतो, पाऊस नाही, धुकं नाही, स्पीड 60 च्या आत, आपल्या लेनमधून सरळ चाललोय, समोरून येणाऱ्याचे लाइट डोळ्यावर, आणि तो पास होतोय तोच खाडकन आवाज, स्टेअरिंग डावीकडे ओढलं गेलं आणि गाडीच्या पोटाखालून काहीतरी खरवडत गेलं. तो आवाज अजून कानातून जात नाही. कशीबशी कडेला घेतली, डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागलेला, ताबडतोब इंजिन बंद केलं. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तर ऑइलची धार लागलेली, थेंब थेंब नाही, धार. पुढचं डावं टायर बाजूने उभं फाटलेलं आणि रिमची कड आत वळलेली.

कशामुळे, तर सिमेंटचा एक ब्लॉक. रस्त्याचं काम चालू असताना बॅरिकेड उभं राहावं म्हणून बुडाशी ठेवतात ना, तसला. काम संपलं, बॅरिकेड उचलून नेलं आणि ब्लॉक लेनमध्ये तसाच सोडून गेले. वीतभर उंच, धुळीने डांबराच्याच रंगाचा झालेला, ना रिफ्लेक्टर ना पट्टा ना साधा पांढरा रंग.

आणि मला सगळ्यात जास्त कशाची चीड आली सांगतो. टोइंगवाल्याची वाट बघत उभा होतो तेव्हा त्या ब्लॉकवर टॉर्च मारून नीट बघितलं. त्याच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा ओरखडा, त्याच्या शेजारी पांढरा, खाली काळ्या प्लॅस्टिकचा घासलेला डाग, आणि आजूबाजूला बंपरचे तुकडे, त्यातले काही चाकांखाली येऊन येऊन पार चुरा झालेले. म्हणजे मी पहिला नव्हतोच! माझ्याआधी निदान दोन-तीन गाड्या तिथे आपटल्यात, आज-काल नाही, बऱ्याच दिवसांपासून, आणि तरी तो ब्लॉक जागचा हलला नव्हता. मी आणि टोइंगवाल्या दादाने मिळून तो कडेला ढकलला, दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांचं काम होतं ते!

दुसऱ्या दिवशी फोन सुरू केले. रस्त्याचं खातं म्हणतं काम चालू असताना तो पट्टा ठेकेदाराच्या ताब्यात असतो, त्यांना विचारा. ठेकेदाराचा माणूस म्हणतो आम्ही काम पूर्ण करून कधीच हँडओव्हर केलंय, आता आमचा संबंध नाही. परत खात्याकडे गेलो तर साहेब म्हणतात, आमच्याकडे त्या अडथळ्याची तक्रारच नव्हती, माहितीच नव्हती तर जबाबदारी कशी घेणार? आणि वर मलाच, "रात्रीचं जरा बघून चालवावं."

बघून चालवावं म्हणजे काय हो? 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. काहीतरी दिसलं, डोक्याने ते ओळखलं आणि पाय ब्रेकवर गेला एवढ्यातच एक-दीड सेकंद जातो, त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात, म्हणजे सगळं धरून चाळीसेक मीटर झाले. आणि लो बीमवर, समोरच्याचे लाइट डोळ्यात असताना, काळपट बुटकी वस्तू तेवढ्या लांबून दिसते का? नाही दिसत. म्हणून तर रिफ्लेक्टर लावतात, तो लांबून चमकतो. तो लावायचं काम ज्यांचं होतं त्यांनी लावला नाही आणि न दिसल्याचा दोष माझ्यावर.

त्या दिवसापासून रात्री जागून हेच वाचत बसलोय, जगात कुठे काय नियम आहेत ते. 1968 चा व्हिएन्ना करार आहे रस्ते वाहतुकीचा, त्यात ड्रायव्हरवर बंधन आहे की पुढे जेवढं दिसतंय तेवढ्यात आणि अंदाज येऊ शकेल अशा अडथळ्याच्या आधी गाडी थांबवता आली पाहिजे. मान्य आहे मला, एकदम मान्य. पण "अंदाज येऊ शकेल" हे शब्द तिथे उगाच टाकलेत का? वळणावर बंद पडलेल्या गाडीचा अंदाज येतो, चालू रस्त्याच्या मधोमध सोडून दिलेल्या ब्लॉकचा कसा येईल? आणि त्याच करारात हेही लिहिलंय की रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू टाकायची नाही, ठेवायची नाही, सोडून जायची नाही, आणि झालाच अडथळा तर लवकरात लवकर काढायचा, लगेच काढता येत नसेल तर बाकीच्यांना इशारा द्यायचा. हे वाक्य मात्र कुणी ऐकवत नाही, ऐकवतात ते फक्त ड्रायव्हरचं.

"माहिती नव्हती" हा बचाव तर सगळीकडे चालतो असं दिसतंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1980 चा हायवेज अ‍ॅक्ट आहे, त्याच्या कलम 58 मध्ये रस्त्याच्या खात्याला बचाव आहे की आम्ही वाजवी काळजी घेतली होती. पण तिथे कोर्ट हेही बघतं की धोका खात्याला माहीत होता का, *किंवा माहीत असायला हवा होता का*. हे दुसरं महत्त्वाचं आहे! न्यूयॉर्कमध्ये तर खड्ड्याची आधी लेखी सूचना गेलेली असेल आणि 15 दिवसांत दुरुस्ती झाली नसेल तरच शहर जबाबदार धरता येतं, मग तिथल्या वकिलांनी एक संस्था काढली आणि माणसं लावून शहरभरच्या खड्ड्यांचे नकाशे बनवून महापालिकेला दिले, घ्या, आता कळलं ना तुम्हाला! वाचून बरंही वाटलं आणि संतापही आला, कारण लोकांनी पदरमोड करून का सांगायचं? रस्त्यावर फेरी मारून बघणं हे त्यांचंच काम आहे, त्याचाच पगार आहे. त्या ब्लॉकवर तीन गाड्यांचे रंग लागेपर्यंत तुमचा एकही माणूस त्या रस्त्याने गेला नाही, की गेला आणि बघून पुढे गेला?

इन्शुरन्सचं वेगळंच. उभ्या वस्तूवर गाडी आदळली की दुसरी पार्टी नाही, त्यामुळे स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करा, सुरुवातीची ठरलेली रक्कम स्वतः भरा आणि नो क्लेम बोनस विसरा. इतकी वर्षं एक क्लेम केला नाही, तो बोनस दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने गेला. सर्व्हेअर म्हणाले, बरं झालं इंजिन लगेच बंद केलंत, ऑइल गेल्यावर थोडी जरी चालवली असती आणि इंजिन जाम झालं असतं तर तो खर्च मिळाला नसता. म्हणजे ब्लॉकने सम्प, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, फोडला तरी पुढची जबाबदारी परत माझीच. आणि कुणी बाइकवाला असता तर? हा विचार आला की हात थरथरतात माझे.

लेखी तक्रार दिली, फोटो, वेळ, मॅपचं लोकेशन, टोइंगची पावती, गॅरेजचा रिपोर्ट, सगळं जोडून, पोच घेऊन. तिसऱ्या दिवशी तिथून गेलो तर कडेला ठेवलेला ब्लॉक गायब, बंपरचे तुकडेसुद्धा झाडून नेलेले. महिनोन्‌महिने जे जमलं नाही ते तीन दिवसांत झालं. आणि काल उत्तर आलंय, दोनच ओळींचं: प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी कोणताही अडथळा आढळून आला नाही.

माझ्याकडे अकरा फोटो आहेत. लाल ओरखडा, पांढरा ओरखडा, आणि त्यांच्यावर ताजा, माझ्या गाडीचा निळा. सोमवारी वकिलाकडे चाललोय.