पितळेला पाणी देता येत नाही

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, सोबत परदेशी व्हिडिओ. म्हणणं असं : रायफलच्या झडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, पोलादासारखी कडक होते, मग तिचं हवं ते ‘वाइल्डकॅट’ (म्हणजे कारखान्यांच्या यादीत नसलेलं) काडतूस करा, पितळ गंजत नाही, म्हणून पुंगळी कितीही जुनी चालते, आणि रिकाम्या पुंगळीला कायदा लागत नाही. बंदूक मी कधी हातात धरलेली नाही. पण रबाळे एमआयडीसीत पितळी पत्र्याच्या डीप ड्रॉइंगमध्ये, म्हणजे पत्रा साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून खोल कप करण्याच्या कामात, तीस वर्षं काढलीत, आणि पुंगळी हा शेवटी डीप ड्रॉइंगचाच माल. गप्प बसवेना.

आधी ते ‘पोलादासारखी कडक’. पाणी देणं म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करणं, आणि ते देतात पोलादाला. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ते कडक होतं थंडपणी ठोकून, दाबून, ओढून. तापवलं की नरमच पडतं, मग पाण्यात बुडवा नाहीतर ताकात. आमच्याकडे काही ड्रॉ झाले की माल भट्टीत नरम करून घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या ड्रॉला फाटतो. तांबट हंडा ठोकताना मधून मधून ताव देतो तो यासाठीच. पुंगळीचा आकार बदलणारे जाणकारही फक्त तोंड आणि खांदा (तोंडाखालचा निमुळता भाग) नरम करतात. बूड कडकच राहायला हवं. व्हिडिओ नीट पाहा. तो माणूस पुंगळ्या पाण्यात उभ्या करून वरची तोंडं तापवतोय. पाणी आहे ते बुडाला आंच लागू नये म्हणून! मेसेज लिहिणाऱ्याने पाणी पाहिलं आणि बाकीचं मनानेच जोडलं. .३०-०६ काडतुसात दाब ६०,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड) जातो. गाडीच्या टायरमध्ये असतो ३०-३५. नरम बूड तिथे फाटलं तर वायू मागे येतो, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असतो.

‘हवं ते’ काडतूसही होत नाही. .३०-०६, .३०८, ७×५७ माउझर या काडतुसांच्या बुडाची कड एकच, सुमारे १२ मिलिमीटर. म्हणून या घराण्यात सोयरिकी जमतात. .२२३ चं बूड दहा मिलिमीटरही नाही, त्याचं .३०-०६ कसं करणार? शिवाय रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, त्याच मापाचं कापलेलं लागतं. आणि वाइल्डकॅट म्हणजे काही गूढ नव्हे, कारखान्यांच्या प्रमाण यादीत नसलेलं काडतूस, एवढंच. .२२-२५० वर्षानुवर्षं असंच बिनदाखल्याचं होतं. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने १९६५ मध्ये ते आपलंसं केलं.

‘पितळ गंजत नाही’ वाचून मात्र हसू आलं, कारण हा भ्रम आपल्याच पावसाळ्याने मोडला होता. इंग्रज फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत, आणि ती आपोआप तडकत. ओढताना पितळेत ताण राहून जातो. दमट हवेत घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्यावर बसला की भेग पडते. याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात, आणि यातला सीझन म्हणजे आपला पावसाळाच, असं सांगतात. उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. भेग कधी कधी इतकी बारीक असते, की वरून माल चकाचक दिसतो. खाडीकाठच्या शॉपमध्ये मी पितळी कपांजवळ अमोनियाचं क्लीनर ठेवू देत नसे, ते याच भीतीने.

राहिला कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे खरी, पण ते बाकीच्या भागांशी जोडून वापरायचा हेतू नसेल तरच. हा मेसेज तर हेतूच लिहून देतोय.