जुन्नरच्या टोमॅटो उत्पादक दादांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. टोमॅटोला मर (झाड वाळवणारा रोग) लागली, आमची ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक एकत्रच ड्रिपमधून सोडलं, आठवडाभरात एकही झाड सुधारलं नाही. शिवाय बाजारातलीच पावडर आम्ही ‘स्थानिक’ म्हणून महाग विकतो, असं तुम्ही लिहिलंय. फळं धरलेला प्लॉट वाळायला लागतो तेव्हा खत, बांबू, तार, मजुरी सगळं घालून झालेलं असतं. तुमचा संताप समजतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वाळलेलं झाड ट्रायकोडर्माने उठत नाही. फ्युजॅरियम ही मर आणणारी बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पोचली की मातीत सोडलेली बुरशी तिला तिथे गाठू शकत नाही. ट्रायकोडर्माचं काम त्याआधीचं. ती मुळांभोवतीची जागा अडवते, रोगाच्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते, विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते आणि आतलं अन्न शोषून घेते. पण त्यासाठी ती जिवंत हवी. कार्बेन्डाझिम रोगाच्या बुरशीला मारतं तसं हिलाही मारतं. म्हणूनच दोन्हींत निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवायला आम्ही सांगतो.

किमतीबद्दल. मर लागलेल्या प्लॉटमध्येही काही झाडं हिरवी टिकतात. पुणे जिल्ह्यातल्या अशा झाडांच्या मुळांजवळची माती आणून आम्ही त्यातून ट्रायकोडर्मा वेगळी करतो. मग काचेच्या बशीत एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला याच भागातली फ्युजॅरियम. जी शत्रूवर चढून जाते तीच पुढे वाढवायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. आपली चुनखडीयुक्त काळी जमीन आणि एप्रिल-मेचं ऊन तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. या निवडीला वेळ लागतो, पैसा त्याचा आहे.

एक मात्र आजच करून बघा. मरणाऱ्या झाडाचं खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधाळ धागे उतरले तर ती जिवाणूजन्य मर. तिथे आमच्या पावडरीवर खर्च करू नका. धागे नाहीत, खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघा आहेत आणि खालची पानं आधी पिवळी पडली होती, तर फ्युजॅरियमचाच संशय जास्त. ती मातीत वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे पुढच्या लागवडीची तयारी आधीपासून हवी: एक किलो पावडर शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, मध्ये एकदा खालीवर करा आणि लागवडीआधी बेडमध्ये द्या. रोपांची मुळंही याच पावडरीच्या द्रावणात बुडवून लावा.

उरलेलं पाकीट फोडलेलं असलं तरी फेकू नका. माल घेऊन मार्केट यार्डला याल तेव्हा आमच्याकडे द्या, तुमच्यासमोर नमुना काढू. ग्रॅममागे २० लाख जिवंत बीजाणू हे ठरलेलं किमान प्रमाण आहे. त्यापेक्षा कमी भरले तर पूर्ण पैसे परत देईन आणि तो आकडा इथेच, या उत्तराखाली लिहीन.