पुढचं पाठ, मागचं सपाट

'पालकांनो, जागे व्हा!' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काड्या, मणी, गाणी, दुकान-दुकान असले खेळ खेळण्यात मुलांची पहिली-दुसरी वाया जाते. पाढे पाठ करून घेतले की गणित येतं आणि बाजारातला हिशेब आपोआप जमतो. हे खेळ म्हणजे परदेशी फॅड. शिक्षकांना शिकवायचं नसतं म्हणून ते मुलांना खेळायला सोडतात. छडी गेली आणि विद्याही गेली. शेवटी पालकांना सूचना: शाळेत जाऊन हे सगळं बंद करायला सांगा आणि घरी रोज पाढ्यांची दहा पानं लिहून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते. असे मेसेज येतात नि जातात, प्रत्येकाला उत्तर द्यायला वेळ कुणाला आहे? पण हा माझ्या सख्ख्या बहिणीने मनावर घेतला. माझा सात वर्षांचा भाचा आता रोज संध्याकाळी पाढे लिहीत बसतो, बोटं दुखतात म्हणून रडतो. मी बोलायला गेले तर ती म्हणाली, "तुम्हा शाळेतल्या बाईंचं काय जातं गं, तुम्ही दिवसभर खेळच घेता." तिला फोनवर सांगून झालं. आता सगळ्यांसाठी लिहिते.

सगळ्यात आधी तो 'आपोआप'. वहीतलं गणित आलं की बाजारातला हिशेब आपोआप येतो, हे कुणी तपासलंय का? तपासलंय. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञांचा सहकाऱ्यांसोबतचा अभ्यास २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचं काम करणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. व्यवहार असे: २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे, हातात दोनशेची नोट, परत किती? १६ आणि २१ मिळून ३७, परत १६३. बाजारातली मुलं असे हिशेब कागद-पेन्सिलीशिवाय तोंडी करतात. मग आसपासच्या शाळांतल्या, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना तपासलं. वहीतली साधी उदाहरणं त्यांना जास्त बरोबर आली. पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवला, तो शाळेतल्या मुलांपैकी फक्त एक टक्का मुलांना जमला. एक टक्का! कागदावर लांबलचक आकडेमोड करत ती अडकत होती आणि दोन क्रिया एकत्र आल्या की गोंधळत होती. कुठे गेला तो 'आपोआप'?

माझ्या वर्गातलं सांगते. एका मुलीचे वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, अगदी खणखणीत. फळ्यावर दिलं, ४२ वजा १७. तिने लिहिलं ३५. विचारलं कसं, तर म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." दुसरी-तिसरीच्या कुठल्याही वर्गात जा, ही चूक सापडेलच. मुलं आळशी असतात म्हणून ती होत नाही. ४२ मधला चार म्हणजे चाळीस, हे त्यांच्या हाताला कधी कळलेलंच नसतं.

तिला दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. म्हटलं, मला सतरा दे. तिने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच हव्या होत्या आणि सुटी काडी उरली नव्हती. हातातल्या गठ्ठ्यांकडे बघत बसली. मी काही बोलले नाही, कारण अशा वेळी बाईंनी बोललं की सगळं मुसळ केरात. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बाई, गठ्ठा सोडू का?" रबर काढलं, पाच काड्या दिल्या, उरलं मोजलं. दोन गठ्ठे, पाच सुट्या. पंचवीस. मग वहीत तेच उदाहरण पुन्हा लिहून घेतलं. चारावर काट मारून तीन, दोनाचे बारा. त्या काट मारण्याचा अर्थ तिला आता विचारावा लागत नाही, गठ्ठा सोडला म्हणून काट. मेसेज ज्याला 'काड्यांशी खेळणं' म्हणतो ते हे. तिने त्या दहा मिनिटांत जितका विचार केला तितका पाढ्यांची दहा पानं लिहून होत नाही.

आता एक गोष्ट मान्य करते, कारण ती खरी आहे. नुसत्या खेळाने भागत नाही. त्याच 'नेचर'च्या अभ्यासातली बाजारातली मुलं व्यवहारात चोख होती, पण तेच गणित वहीतल्या उदाहरणासारखं मांडून दिलं की अडखळत होती. म्हणजे हातातलं कागदावर आपोआप उतरत नाही आणि कागदावरचं हातात आपोआप येत नाही. दोन्हींच्या मध्ये पूल बांधावा लागतो आणि तो बांधणं हेच शिक्षकाचं काम. काही शाळांमध्ये खेळांच्या नावाखाली फरशी रंगवली, माळा टांगल्या, फोटो काढून वर पाठवले आणि साहित्य कपाटात गेलं, हेही मी पाहिलंय. तिथल्या पालकांचा राग मला समजतो. आणि पाढे पाठ हवेतच. आमच्या वर्गातही रोज म्हणतो. पण सात चोक अठ्ठावीस म्हणजे सात-सात चिंचोक्यांचे चार ढीग, हे आधी जमिनीवर मांडून झालेलं असतं. पाढा मध्येच विसरलेलं मूल मग ढीग आठवून पुढे जातं. नुसतं घोकलेलं मूल पुन्हा 'सात एके सात'पासून सुरू करतं.

परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला जाऊन यावं. गुजरातमधल्या गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर, म्हणजे लहान मुलांना खेळातून शिकवणारी शाळा, काढलं १९२० साली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंची महागडी साधनं तिथे परवडणार नव्हती, म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, दगड घेऊन शिकवलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. हे सगळं आपल्याच मातीत, आपल्याच बायांनी केलंय. ते ठाऊक नसताना फॅड म्हणायचं, याचा मला फार राग येतो.

शिक्षकांना काम नको असतं म्हणून खेळ? तीस मुलांचे पाच गट करायचे, प्रत्येकाला त्याच्या पातळीचं काम द्यायचं, कोण कुठे अडलंय ते बघत फिरायचं. फळ्यावर पाढा लिहून 'उतरवून घ्या' म्हणणं याच्यापेक्षा कितीतरी सोपं. गोंगाट होतो, हो. बोलणाऱ्या मुलांचा होतो.

छडीबद्दल तर चर्चाच नको. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं या दोन्हींना बंदी आहे. भीतीने मूल गप्प बसतं आणि चुकीचं उत्तर लपवायला शिकतं. ती मुलगी 'सातातून दोन काढले' हे मला सांगू शकली, म्हणून मला तिची चूक सापडली. मार बसेल असं वाटलं असतं तर तिने शेजारणीचं बघून २५ लिहिलं असतं आणि मी बरोबरची खूण करून पुढे गेले असते.

राहिली ती दहा पानं. या मेसेजमधली सगळ्यात वाईट गोष्ट मला हीच वाटते, कारण बाकीची मतं आहेत आणि ही रोज एका लहान मुलाच्या अंगावर पडते. भाच्याची वही मी उघडून पाहिली. तो पाढा आडवा लिहीतच नाही. आधी वरपासून खालपर्यंत सगळे सात लिहितो, मग एक ते दहा, मग उत्तरांचा रकाना वरच्या पाढ्यातून उतरवतो. गुणाकार त्यात कुठेही नाही, फक्त नक्कल आहे. सहाच्या पाढ्यात एका जागी ४२ च्या ठिकाणी ४४ पडले आणि खाली पानभर ४४ च राहिले. त्याच्या आईला ते दिसलं नाही, तिने पानं मोजली होती.

शाळेत जाऊन जाब विचारायचाच असेल तर जरूर विचारा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. फक्त 'खेळ का घेता' असं विचारू नका. असं विचारा: काड्या झाल्यावर वहीत काय लिहून घेतलंत? माझ्या मुलाला कुठलं उदाहरण अडतंय आणि का? ज्या बाईंना हे सांगता येत नाही त्यांना धारेवर धरा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.