माहीमच्या खाडीपलीकडेही मुंबईचा वारसा आहे

सोसायट्यांच्या आणि जुन्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: मुंबईचा वारसा दक्षिण टोकाच्या फोर्टात सुरू होतो आणि माहीमच्या खाडीशी संपतो. उपनगरं 1950 नंतर वसली, त्याआधी तिथे भातखाचरं आणि मिठागरं होती. फोर्टाबाहेर राज्यकर्त्यांनी काही बांधलंच नाही. तिथल्या जुन्या इमारती म्हणजे पडके कारखाने आणि बंद स्टुडिओ. त्यांत वास्तुकला शोधूनही सापडत नाही. अशा वास्तू वारसा यादीत घातल्या की मालक बुडतो आणि रहिवासी धोकादायक घरात अडकतो. आठवण ठेवायचीच असेल तर नव्या टॉवरला जुनं नाव द्यावं.

खाली अंगठ्यांची रांग लागते, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा 1950चा. हे साल आलं कुठून, ते कळतं. त्या वर्षी वांद्रे, अंधेरी, कुर्ला वगैरे भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. 1957 मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. पण महापालिकेत सामील होणं वेगळं आणि वस्ती होणं वेगळं. वांद्र्याला स्वतःची नगरपालिका 1876 पासून होती. खाडीपलीकडच्या साष्टी बेटावरची ही सगळी गावं ठाणे जिल्ह्यात मोडत, म्हणून 1882च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, ती सापडतात, मुंबईच्या गॅझेटिअरात नाहीत. मुंबई उपनगर जिल्हा 1920 मध्ये वेगळा झाला. मुंबईच्या दप्तरात शोधणाऱ्याला 1950 आधीचं उपनगर दिसत नाही ते त्यामुळे. भातखाचरं आणि मिठागरं होती हे खरंच आहे, आणि त्यांच्या शेजारी गावठाणं होती, चर्च होती, बाजार होते. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता 1845 मध्ये खाडीवर बांधला गेला. पलीकडे कोणी राहतच नव्हतं, तर ही खटपट कोणासाठी झाली?

दुसरा मुद्दा सार्वजनिक इमारतींचा. फोर्टाबाहेर राज्यकर्त्यांनी काही बांधलंच नाही, असं मेसेज म्हणतो. वांद्रे स्टेशन बघा. 1888 ची ही इमारत आहे. उतरत्या छपराची, लाकडी नक्षीची, बिडाच्या खांबांची. वारसा यादीत तिची श्रेणी पहिली, म्हणजे जी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची तीच. त्या इमारतीतून रोज प्रचंड गर्दी ये-जा करते, लोकल सुटतात, तिकिटं विकली जातात. वारसा ठरल्यामुळे तिचं काम एक दिवसही थांबलं नाही. ही रेल्वे तरी कधीची? विरार ते बॅकबे अशी गाडी 12 एप्रिल 1867 ला धावली, तेव्हा वाटेतल्या थांब्यांत बोरिवली होती, अंधेरी होती, आणि आजचं गोरेगाव 'पहाडी' या नावाने होतं.

त्याहून मोठं उदाहरण पाण्याचं आहे. फोर्टातल्या त्या देखण्या इमारती ज्या दशकांत उभ्या राहिल्या, त्या काळात शहराला नळाचं पाणी कुठून मिळत होतं? साष्टीच्या डोंगरांतून. विहार तलावाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1860 पासून त्याचं पाणी मुंबईला मिळू लागलं. पुढे 1879 मध्ये तुळशी आणि 1891 मध्ये पवई. विहिरी आणि तळ्यांवर जगणारं शहर नळावर आलं ते या धरणांमुळे. त्यांना कमान नाही, घुमट नाही, मातीचे बांध आणि दगडी काम आहे. सार्वजनिक वास्तू या शब्दाला यापेक्षा योग्य काय असेल, मला सुचत नाही. शहराने गैरसोयीच्या गोष्टीही खाडीपलीकडे ढकलल्या. 1860च्या दशकात पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या कारभारात कत्तलखाना वांद्र्याला हलवला गेला, तो 1971 मध्ये देवनार सुरू होईपर्यंत तिथेच होता. फोर्ट स्वच्छ आणि प्रशस्त राहिला, याचा हिशेब उपनगराच्या बाजूने कोणी मांडत नाही.

आता तिसरा मुद्दा. मला सर्वांत जास्त लागलेला हाच. 'पडके कारखाने'.

कुर्ल्याची धरमसी मिल डबघाईला आली होती. 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी ती विकत घेतली आणि तिला नाव दिलं 'स्वदेशी'. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ देशभर पेटली त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधीची ही गोष्ट, आणि ती घडली कुर्ल्यात. विलेपार्ल्यात 1929 मध्ये गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना निघाला, त्याने गावाचं नावच उचललं आणि पार्ले बिस्किट घराघरांत पोचलं. तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला. भाजणाऱ्या बिस्किटांचा वास स्टेशनापर्यंत यायचा, हे पार्ल्यातला चाळिशीपुढचा कोणीही सांगेल. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. कुर्ल्यात प्रीमियरच्या मोटारी बनल्या. जुहूच्या धावपट्टीवर 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. मालाडला 1934 मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. तिथे स्वतःचे ध्वनिमंच होते, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा होती, जर्मन तंत्रज्ञ होते, आणि त्या प्रयोगशाळेत काम करणारा अशोक कुमार नावाचा मुलगा कॅमेऱ्यासमोर आणला गेला. आज त्या आवारात छोटे कारखाने आणि गाळे आहेत.

यांत वास्तुकला नाही, म्हणून वारसा नाही, असं मेसेज म्हणतो. पण वारशाचे नियम हे म्हणत नाहीत. बृहन्मुंबईची वारसा नियमावली 1995 मध्ये आली, तिच्या यादीत इमारत का घ्यावी याची कारणं दिली आहेत. देखणेपणा हे त्यांतलं एक. सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध हे दुसरं. महत्त्वाच्या व्यक्तींशी आणि घटनांशी असलेलं नातं हे आणखी एक. या कसोट्या प्रामाणिकपणे लावल्या तर विक्रोळीचा मतपेट्यांचा कारखाना आणि मालाडचं आवार दोन्ही विचारात घ्यावी लागतात. कसोट्या कागदावर होत्या, पण त्या घेऊन उपनगरात फिरायला जेवढी माणसं हवी होती तेवढी फिरली नाहीत, असं माझं मत आहे. फोर्टातली इमारत रस्त्यावरून दिसते. कारखाना भिंतीआड असतो, त्याच्या फाटकावर पहारेकरी असतो, आणि जमिनीचा भाव वाढला की त्याची कागदपत्रं आधी बाहेर पडतात.

मराठी माणसाने तरी हा मेसेज पुढे ढकलू नये. पार्ले टिळक विद्यालय 1921चं आणि लोकमान्य सेवा संघ 1923चा. टिळकांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत एका उपनगराने आपल्या वर्गणीतून शाळा आणि सार्वजनिक संस्था उभी केली. पु. ल. देशपांडे त्याच शाळेचे विद्यार्थी. जोगेश्वरीच्या टेकडीवरचं इस्माईल युसुफ महाविद्यालय 1930चं आहे. उपनगरात कॉलेज काढणं तेव्हा धाडसाचं होतं.

चौथा मुद्दा मालकांचा आणि रहिवाशांचा. इथे मेसेजमागची भीती खरी आहे, ती झटकून टाकणं बरोबर नाही. 2012 मध्ये यादीत 868 नव्या जागांची भर घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कपासून अनेक ठिकाणच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. गळकं छप्पर आणि पन्नास वर्षांची पागडीवरची भाड्याची खोली घेऊन बसलेल्या माणसाला वारसा हा शब्द धमकीसारखा वाटला तर त्याचा दोष नाही. यादीत नाव आलं की दुरुस्तीचे पैसे आपोआप हातात पडत नाहीत, परवानगीचे हेलपाटे मात्र वाढतात. यावर सरकारने निधी द्यायला हवा, हे मी ठामपणे म्हणतो.

पण मेसेजमधला निष्कर्ष त्यातून निघत नाही. श्रेणी तीन आहेत आणि तिन्हींची बंधनं वेगळी. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ मज्जाव, दुसरीत आतले बदल करता येतात, तिसरीत त्याहून मोकळीक असते आणि काही प्रकारच्या इमारतींना पुनर्बांधणीचीही वाट आहे. बांधकामाचा हक्क नाकारला गेला तर तो टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतर करता येणाऱ्या विकास हक्काच्या, रूपात दुसरीकडे वापरता येतो. राहिली धोकादायक इमारतींची गोष्ट. 2017 मध्ये घाटकोपरची सिद्धी साई कोसळली, 17 माणसं गेली. 2022 मध्ये कुर्ल्याच्या नाईक नगरात इमारत पडली, 19 गेली. यांतली एकही वारसा यादीत नव्हती. घाटकोपरमध्ये तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. शिवाय जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचं जे मंडळ आहे ते फक्त मुंबई बेटावरच्या जुन्या शहरापुरतं. उपनगरातल्या तेवढ्याच जुन्या इमारतीला ते दारही उघडं नाही. रहिवाशांच्या जिवाची काळजी असेल तर मागणी इथे करा. ही तफावत सोडून वारसा यादीवर खापर फोडल्याने एकाही घराचं छप्पर गळायचं थांबणार नाही.

शेवटचा मुद्दा टॉवरला नाव देण्याचा. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ 1948चा. 2017 मध्ये त्याला आग लागली, जुने पोशाख आणि सामान जळालं, 2019 मध्ये जागा विकासकाकडे गेली. नाव राहील, पाटीवर राहील. पण मंच किती उंच होता, प्रकाशयोजनेचे लोखंडी सांगाडे कसे टांगले होते, कामगारांचं फाटक कोणतं, हे नावातून कळत नाही. ते कळायला इमारत पाडण्याआधी तिची मापं घ्यावी लागतात, नकाशे काढावे लागतात, तिथे काम केलेल्या माणसांशी बोलावं लागतं. पाडकामाची परवानगी देण्याआधी एवढी नोंद सक्तीची करता येईल. त्यासाठी श्रेणी लागत नाही आणि कोणाचा पुनर्विकासही अडत नाही. माझी पहिली मागणी तेवढीच आहे.