खुलासा : काँतादोरचं विजेतेपद ‘चेन पडल्यावर थांबला नाही’ म्हणून गेलेलं नाही

‘प्रतिस्पर्ध्याची चेन पडली असताना पुढे निघून गेला, म्हणून २०१० च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीचं विजेतेपद काँतादोरकडून काढून घेतलं’ असा मजकूर स्पॅनिश सायकलपटू काँतादोरबद्दल फिरतोय. त्यातली घटना खरी आहे, कारण मात्र चुकीचं.

१९ जुलै २०१० चा १५ वा टप्पा, पोर्ट द बालेसचा चढ. पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे तेव्हा शर्यतीत आघाडीवर असलेल्या अँडी श्लेकने मुसंडी मारली आणि नेमकी तेव्हाच चेन निसटली. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की चेन दात सोडते, हे सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. श्लेक उतरून चेन बसवेपर्यंत काँतादोर पुढे गेला. टप्पा संपला तेव्हा ३१ सेकंदांच्या पिछाडीची ८ सेकंदांची आघाडी झाली होती, म्हणजे ३९ सेकंदांची कमाई. शेवटी टूरही त्याने ३९ सेकंदांनीच जिंकली. गैरसमज बहुधा इथूनच पसरला.

थांबायलाच हवं असा नियम नाही. तो संकेत आहे, पंच त्यासाठी दंड करत नाहीत. काँतादोरने त्याच संध्याकाळी व्हिडिओतून माफी मागितली होती. संघाच्या मोटारीला धरून पुढे जाणं मात्र नियमभंगच. २०१५ च्या वुएल्ता या स्पेनमधल्या शर्यतीतून सायकलपटू निबाली त्यामुळेच बाद झाला.

काँतादोरचं विजेतेपद गेलं ते क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधामुळे. २१ जुलैला घेतलेल्या त्याच्या चाचणीच्या नमुन्यात ते सापडलं, ६ फेब्रुवारी २०१२ ला क्रीडा लवादाने निकाल दिला आणि विजेतेपद श्लेककडे गेलं.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.