कोल्हापूरकर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोल्हापूरकर,

अमेरिकेत कर थकलेल्यांना फी घेऊन मदत करणाऱ्या कंपनीत मी फोनवर विक्रीचं काम करायचो; त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही टीका केलीत. आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, करात तडजोड मागायच्या अर्जाची फी मी १८६ डॉलर लिहिली होती. २०२० पासून ती २०५ आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते वाक्य : "मीरा रोडच्या कॉल सेंटरवाल्यांत आणि तुमच्यात फरक फक्त व्हिसाचा." हे लिहिताना हात जरा तरी अडखळला का? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले. ती मंडळी आयआरएसचे अधिकारी बनून अमेरिकेत फोन लावायची, अटकेची धमकी द्यायची आणि गिफ्ट कार्डांवर पैसे उकळायची. मी कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या ऑफिसात स्वतःहून एकही फोन लावला नाही. रेडिओवरची जाहिरात ऐकून माणूस आम्हाला फोन करायचा, आणि त्याचा कर खरोखर थकलेला असायचा. त्याला मी घाबरवत नव्हतो. तो घाबरलेलाच यायचा.

एक ट्रकचालक आठवतो. आलेली सगळी पाकिटं त्याने न फोडता खोक्यात टाकली होती. मी त्याला एकेक फोडायला लावलं, कोपऱ्यातला नोटिशीचा नंबर वाचायला सांगितला. सीपी १४ म्हणजे पहिलं बिल, ते बाजूला ठेवा म्हटलं. तळाशी एलटी ११ निघाली. जप्तीआधीची अखेरची सूचना! सुनावणी मागायला ३० दिवस मिळतात, त्यातले २१ गेले होते. हे त्याला कोणी सांगितलं? मी.

आणि बंद पाकिटाची भीती मला शिकवू नका. तुमच्याच जिल्ह्यात, इचलकरंजीला, माझ्या वडिलांचे चार माग होते. बँकेचा वसुलीवाला दारात आला की आई आम्हा भावंडांना मागच्या खोलीत गप्प बसवायची. मी आठवीत होतो. तुम्ही त्या खोलीत कधी बसला होतात का?

बाकी मुद्दे. "५० हजार डॉलरपर्यंतच्या थकबाकीचे हप्ते आयआरएसच्या साइटवर स्वतःच बांधून घेता येतात, मग तुमच्या कंपनीला हजारो डॉलर कशाला द्यायचे?" घेता येतात, मला माहीत आहे. वकील न लावता खटलाही लढता येतो. किती जणांची तडजोड मंजूर झाली तो हिशेब कंपनीकडे, माझं काम फोनपुरतं होतं. कमिशन मिळायचं, विक्रीच्या नोकरीत ते असतंच. "मराठी माणसाला हे शोभत नाही" याला मी उत्तर देणार नाही.

त्या ट्रकचालकाकडे फीचे पैसे नव्हते, त्याला मी काहीच विकलं नाही. तरी ४० मिनिटं बोललो आणि त्यापायी मॅनेजरची बोलणी खाल्ली. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलंच दिसत नाही. पुढच्या वेळी पूर्ण वाचा आणि टोपणनावाआडून नको, स्वतःच्या नावाने लिहा. मग बोलू.