पेला माझा, मते लोकांची

स्कॉच व्हिस्की कशी प्यावी याविषयीचे माझे मत ठाम आणि अत्यंत साधे आहे. जड बुडाचा लहान पेला असावा, त्यात दोन बोटे व्हिस्की असावी, तिच्यात माठातले नव्हे आणि फ्रिजमधलेही नव्हे असे साधे पाणी थोडेसे घालावे, बर्फ आणि सोडा यांना खोलीबाहेर ठेवावे, बशीत खारे शेंगदाणे असावेत आणि पहिला घोट घेतल्यावर निदान पाच मिनिटे कोणी काही बोलू नये. यातल्या पहिल्या पाच गोष्टी थोड्या खटपटीने जमवता येतात. सहावी मला पुण्यात तरी अजून कोणाच्याही गच्चीवर मिळालेली नाही, कारण आमच्या मध्यमवर्गात दारू पिणे ही चोरून करण्याची गोष्ट राहिली नसली, तरी मुकाट्याने करण्याची गोष्ट अद्याप झालेली नाही. हातात पेला आला की माणसाला मत फुटते, आणि ते नेमके शेजारच्याच्या पेल्याविषयी असते.

सर्वांत मोठा वाद पाण्यावरून होतो. बँकेतून निवृत्त झालेले माझे थोरले साडू माझ्या हातात तांब्या दिसला की व्यथित होतात. “अहो, स्कॉचमध्ये पाणी? मग बाटली आणायचीच कशाला, नळ आहे की घरात,” असे ते सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात आणि स्वतःचा पेला काठापर्यंत बर्फाने भरून घेतात. बर्फ म्हणजे पाणीच, फक्त उशिरा पोचणारे, हे त्यांना पटवण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे. शिवाय घरच्या फ्रिजमधला बर्फ हा निव्वळ बर्फ कधीच नसतो; त्याला शेजारी ठेवलेल्या मटारचा, कोथिंबिरीचा आणि कोणीतरी झाकण न लावता ठेवलेल्या लसणीच्या चटणीचा सहवास घडलेला असतो, आणि तो सगळा सहवास पेल्यात उतरतो. त्यात थंडीमुळे व्हिस्कीचा स्वतःचा वास दबून जातो, म्हणजे पाहुणीला गप्प करून शेजाऱ्यांनीच बोलत बसावे असा प्रकार होतो.

माझ्या बाजूने विज्ञानही आहे, हे मला बराच काळ ठाऊक नव्हते. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून दाखवले की, व्हिस्कीत पाणी मिसळून मद्यार्काचे प्रमाण उतरवले की ग्वायाकॉल नावाचे, धुरकट वास देणारे द्रव्य पृष्ठभागाच्या जवळ राहते, आणि मद्यार्क फार असला तर ते आत दडून बसते. खुद्द स्कॉटलंडमध्ये मिश्रणाचे नमुने पारखणारे तज्ज्ञही ते पाणी घालून, पुष्कळदा मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास आणूनच हुंगतात. ही माहिती मी एकदा मोठ्या उत्साहाने साडूंना दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, “ते स्वीडनचे ना? मग त्यांना स्कॉटलंडचे काय कळणार?” पुण्यात बसून आपण दोघे स्कॉटलंडविषयी बोलत आहोत, ही गोष्ट त्या क्षणी माझ्याखेरीज कोणालाच विचित्र वाटली नाही.

साडूंच्या पलीकडे सोडावाले असतात, आणि त्यांच्याही पलीकडे काळ्या रंगाचे गोड पेय ओतणारी तरुण मंडळी असतात. सोडावाल्यांशी माझे भांडण नाही. व्हिस्की-सोडा ही बऱ्याच मागच्या पिढ्यांपासून चालत आलेली, उन्हाळ्यात समजण्यासारखी चाल आहे. तरुणांना मी एवढेच सुचवतो की, पेल्यातल्या वस्तूची चवच लागू द्यायची नसेल तर कमी पैशांतली बाटलीही तेच काम तितक्याच निष्ठेने करील. त्यावर ते मला “काका, चिल” असे सांगतात.

या सर्वांपेक्षा मला धास्ती वाटते ती जाणकाराची. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ स्कॉटलंडची सहल करून आले आणि तेव्हापासून ते कोणाच्याही घरी जाताना कॅमेऱ्याच्या पिशवीत स्वतःचा पेला घेऊन जातात. तो खाली फुगीर आणि वर निमुळता असतो. त्यात ते व्हिस्की गोल गोल फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात आणि मग “सुका मेवा... जुने चामडे... मागाहून किंचित ओला दोरखंड” असे जाहीर करतात. भोवतालची मंडळी घाईघाईने आपापल्या पेल्यांत दोरखंड शोधू लागतात. ज्याला तो सापडत नाही तो मान हलवून सापडल्याचे सांगतो. मला मात्र व्हिस्कीत बहुधा व्हिस्कीच लागते, फार तर थोडा गूळ आणि थोडी सुंठ, परंतु गूळ-सुंठ म्हटले की लोकांना बाळंतिणीचे लाडू आठवतात आणि बैठकीतली आपली प्रतिष्ठा उतरते, म्हणून मी तेही बोलून दाखवत नाही.

हेच गृहस्थ इतिहासही सांगतात, आणि तो खरा असतो ही त्यातली अडचण आहे, कारण खोडून काढता येत नाही. १८२३ च्या कायद्याने भट्टीला परवाना घेणे परवडू लागले, १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला, तेव्हा चोरून दारू गाळणारे शेजारी त्याच्या जिवावर उठले आणि तो कमरेला दोन पिस्तुले लावून हिंडू लागला, ही हकिकत मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की पिस्तुले कोणाला अधिक गरजेची आहेत, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

त्यांच्या लेखी सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली, फक्त मोड आणलेल्या जवाची व्हिस्की, तिच्याखेरीज बाकी सारे पाणचट. माझे मत याच्या उलट आहे आणि मी ते लपवत नाही. जगात विकल्या जाणाऱ्या स्कॉचपैकी बहुतांश स्कॉच ही मिश्रणाची, म्हणजे ब्लेंडेड असते; मोड आणलेल्या जवाच्या माल्टमध्ये इतर धान्यांची, सौम्य व्हिस्की मिसळून ती करतात. ही सौम्य व्हिस्की मोठ्या प्रमाणावर काढणे शक्य झाले ते ईनिअस कॉफी नावाच्या माणसाने १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या उभ्या भट्टीमुळे, आणि हा कॉफी पूर्वी आयर्लंडमध्ये अबकारी खात्याचा बडा अधिकारी होता. आयुष्यभर दारूच्या मागावर असलेल्या सरकारी माणसाने नोकरी सोडल्यावर दारू स्वस्त करण्याची युक्ती काढावी, यात मला निवृत्तीनंतरच्या वेळेचा फार मोठा सदुपयोग दिसतो. साडूंनी अजून तसे काही केलेले नाही. चांगल्या मिश्रणात कोणी एक माल्ट पुढे पुढे करत नाही, आणि संध्याकाळच्या वेळी मला तेवढा विनय पुरतो.

वयाचा विषय निघाला की मात्र दोन्ही पक्ष एक होतात. पाहुणा बाटली पुढे करतो तेव्हा “बारा वर्षांची का?” असा प्रश्न ज्या सुरात येतो, त्या सुरात स्थळाच्या चौकशा होतात. अठरा वर्षांची बाटली असेल तर लोक बसल्या जागी सरळ होतात. कायद्याने स्कॉचला स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षे राहावे लागते, आणि बाटलीवर वय छापले असेल तर ते आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. पिंपातून बाटलीत आली की तिचे वय वाढणे थांबते. तरीही शोकेसमध्ये ठेवलेली बाटली वर्षागणिक परिपक्व होत आहे, अशी आमच्याकडे अढळ श्रद्धा आहे. शिवाय म्हातारपण हवामानावर ठरते: स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते, तर बेंगळुरूच्या किंवा गोव्याच्या हवेत त्याच्या कितीतरी पट, आणि म्हणून इकडचे माल्ट थोड्या वर्षांतच पोक्त होतात. मला तर बारा वर्षांच्या पुढच्या पुष्कळ व्हिस्क्यांत लाकूडच जास्त लागते. हे मत मी एकदा उघडपणे मांडले तेव्हा ‘परवडत नाही म्हणून’ असे एक उत्तर आले, आणि ते अगदीच निराधार नव्हते.

आता माझ्या खऱ्या आवडीकडे येतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, जेमतेम तीन हजार वस्तीचे, वाऱ्याने झोडपलेले एक बेट आहे. त्याचा उच्चार तिथले लोक ‘आयला’ असाच करतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांसमोर बाटलीचे मूळ गाव सांगण्याची सोय नाही. बेटावर झाडे थोडी आणि कोळसा नाही; आहे ते पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून, त्याच्या धुरावर मोड आणलेले जव सुकवतात, आणि तो धूर पुढे गाळप, पिंप, वर्षे असे सगळे सोसूनही बाटलीत टिकून राहतो. दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन भट्ट्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या आहेत. धुराचा जोर जवातल्या फिनॉल द्रव्यांवरून, दशलक्षात किती भाग, असा मोजतात; आर्डबेगसाठीच्या जवात तो साधारण ५५ असतो. कोकणात पावसाळ्याच्या आधी भाताच्या जमिनीवर पालापाचोळा जाळून भाजावळ करतात, तिचा वास ज्याने लहानपणी घेतला आहे त्याला हा धूर परका वाटत नाही. मला तो वाटला नाही. पहिल्या घोटापासून मी त्या बेटाचा झालो.

घरचे झाले नाहीत. आमच्या घरी लाफ्रॉइगचे बूच उघडले की आतल्या खोलीतून पत्नीचा आवाज येतो, “कोणाला काय लागलंय? टिंचर कशाला काढलंत?” सुरुवातीला मी समजावत असे. हल्ली “काही नाही, थोडंसं खरचटलंय,” असे उत्तर देतो. तिचे नाक चुकत नाही, हेही मान्य केले पाहिजे, कारण फिनॉलचा आणि जंतुनाशकांचा वास हा एकाच घराण्यातला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती तेव्हा लाफ्रॉइग तिथे औषध म्हणून विकली जात होती, आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनी वास घेऊन तिला अधिक विचारपूस न करता सोडले असेल तर मला नवल वाटणार नाही. पाहुण्यांना मी ही व्हिस्की आता देत नाही. जाणकार गृहस्थांनी ती चाखून ‘समुद्रकिनारा, आयोडीन’ असे म्हटले आणि दुसऱ्या पेल्याला नकार दिला. साडूंनी पेला नाकापर्यंत नेऊन, बर्फासकट, माझ्याच कुंडीत ओतला. ती कुंडी तुळशीची नव्हती, एवढे भान त्यांनी ठेवले.

न्यू जर्सीत राहणारा माझा धाकटा मेहुणा दरवर्षी येताना विमानतळावरून बाटल्या आणतो. प्रवाशाला दोन लिटरची मुभा आहे आणि ती वाया घालवणे आमच्या कुटुंबात पाप मानले जाते. “भावोजी, तुमच्यासाठी खास,” असे म्हणून तो देतो ती बाटली मात्र नेहमी गोड वळणाची, शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेली असते, कारण दुकानातल्या मुलीने तीच चांगली म्हणून सांगितलेली असते. मी आभार मानतो. मग ती बाटली बैठकीत येते आणि कोणीतरी ती उलटी करून आतले बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहतो, कारण माल अस्सल आहे की नाही हे त्यावरून कळते असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. विमानतळावरून थेट आलेल्या बाटलीचीही ही तपासणी चुकत नाही. मेहुणा ती हसत पाहतो. त्याला आता या अपमानाची सवय झाली आहे. रिकामी बाटली आमच्याकडून पुतणी घेऊन जाते आणि तिच्यात मनीप्लांट लावते. चौकोनी बाटल्यांना तिच्याकडे विशेष मागणी आहे.

विकत घ्यायची झाली तर सरकारचेही मत विचारात घ्यावे लागते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि व्हिस्कीसाठी त्याचे वय पंचवीस पूर्ण असावे लागते. म्हणजे पुरुषाला संसार एकविसाव्या वर्षी पेलता येतो आणि पेला मात्र पंचविसाव्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा साडूंनी मला सकाळी सात वाजता फोन करून बातमी वाचून दाखवली. पुढे जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यातल्या तरतुदीनुसार व्हिस्कीवरचे १५० टक्के आयात शुल्क करार अमलात आल्यावर ७५ टक्के आणि त्यानंतर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ४० टक्के व्हायचे आहे. साडूंनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, चष्मा काढला आणि शुल्क ४० टक्क्यांवर येईपर्यंत आपण एकही बाटली विकत घेणार नाही, असा निश्चय कुटुंबासमोर जाहीर केला. मधल्या काळाची सोय त्यांनी आमच्याकडे लावून घेतली असून, आमचा बर्फ त्यांना आवडत नसल्यामुळे तो ते डब्यातून घरून आणतात.